बारीक बाई आली असती तर

प्रिय वहिनी,

दादापासून तुम्ही वेगळ्या झालात, तरी मला दुसरी हाक सुचत नाही.

माझ्या पोटदुखीसाठी आपण दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी हातही न लावता सांगितलं, "आधी वजन उतरवा." हे वाक्य मला पाठच होतं. मी मान खाली घालून उठले. तुम्ही मात्र खुर्ची सोडली नाहीत.

"हेच दुखणं घेऊन एखादी बारीक बाई आली असती, तर काय केलं असतं?"

डॉक्टर घुटमळले. "सोनोग्राफी."

"मग हिचीही करा."

अंडाशयात गाठ निघाली. वेळेत काढली, म्हणून आज हे लिहितेय. आई म्हणते, देवानं वाचवलं. मी नुसतं हो म्हणते. तुमचं उत्तर घरी आलं तर तिच्या मनाला लागेल, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. पण वहिनी, माझा देव त्या दिवशी माझ्या शेजारीच बसला होता.

काल तपासणीला गेले, तर एक जाड मुलगी रडत बाहेर आली. "गुडघा दुखतो म्हटलं, तर हसून म्हणाले, खाणं आवर."

मी तिला हाताला धरून परत आत नेलं आणि तिथंच ठाण मांडून बसले.

कायमची तुमची,
नणंद