आखूड नळीची दुर्बीण

शिळफाटा, खोपोली
डिसेंबर १९८५

प्रिय पदू,

मस्कतहून आलेलं तुझं पत्र स्टुडिओतच उभ्याने वाचलं. मार्चमध्ये यायला जमणार नाही, पण धूमकेतूचे फोटो काढायला दुर्बीण पाठवतो, दुकानात एक लांब नळीची आहे आणि एक आखूड नळीची, कुठली घेऊ ते कळव, असं लिहिलंस. न येण्याचा विषय एका ओळीत संपवलास आणि नळ्यांवर दोन पानं लिहिलीस. मीही आधी नळ्यांचंच लिहितो.

घ्यायची तर आखूड. लांब नळीतून शनीचं कडं, चंद्रावरचे खड्डे छान दिसतील, पण फोटोत आकाशाचा एवढासा तुकडा येईल. धूमकेतूचं डोकं धरावं तर शेपटी बाहेर. आखूड नळीत, हात लांब करून तीन बोटं आडवी धरली की जेवढं झाकतं, तेवढं आकाश मावतं. गाभाऱ्यात वाकून देवाचे पाय पाहणं वेगळं आणि पारावर बसून कळसासकट सगळं देऊळ पाहणं वेगळं. मला आता पारच बरा वाटतो. आखूड भिंगाचा दोष ठाऊक आहे, ठळक ताऱ्याभोवती निळी किनार येते. काळीपांढरी फिल्म घालून पिवळा फिल्टर लावला की ती पुष्कळ दबते. कडेचे तारे जरा ओढल्यासारखे येतात, येऊ देत. मोठी गोष्ट ही की लांब नळी हाताची बारीकशी चूकही फोटोत दाखवते, आखूड नळी बरंच चालवून घेते. आकाशाबरोबर नळी फिरवायला आपल्याकडे मोटर कुठे आहे? हातच आहेत.

शहात्तर सालचा धूमकेतू आठवतो? महाशिवरात्रीच्या पाठोपाठ, पहाटे, पोशीरला आपल्या खळ्यावर. घरातले दोन पाट तू कपाटाच्या बिजागरीने जोडलेस, वरच्या पाटावर कॅमेरा बांधलास. मी खालून स्क्रू फिरवत पाट उचलायचा, म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर सरकणार. तू बाजूच्या छोट्या दुर्बिणीत एक तारा दोऱ्याच्या फुलीवर धरून बसायचास आणि कुजबुजायचास, "हळू, दादा… थांब… आता जरासा." मी मनात नाम घेत फिरवत होतो. घड्याळापेक्षा नामाची लय मला धार्जिणी. सगळं जमत आलं आणि आय कंदील घेऊन दारात. "पदू, पाट मोडलास तं जेवाया कशावर बसशील रं? आभालावर?" तुला हसू आवरेना, पाट हलला आणि धूमकेतूला दोन डोकी आली. तो फोटो मी स्टुडिओत काचेखाली लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हा काय बिघडलेला लावलाय? मी म्हणतो, माझा भाऊ हसला होता तेव्हा.

त्याच उन्हाळ्यात तू मस्कतला गेलास. त्यानंतर दोनदा आलास, दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊन.

आता खरं सांगतो. आखूड दुर्बीण माझ्याकडे आली आहे. मुंबईला जुन्या सामानाच्या दुकानात भिंग मिळालं, नळी इथल्याच पत्रेवाल्याने वळून दिली. पाट तेच. गेल्या अमावास्येला पोशीरला कृत्तिकांवर लावून पाहिली. तारा धरायला चुलत्यांच्या धाकलूला बसवलं. तो डोळा लावून बसला आणि पार उशिरा म्हणाला, "दादा, तारा पलाला रं. मघाशीच पलाला." फोटोत सगळ्या कृत्तिका रेघा होऊन आल्या. भिंग चांगलं आहे, पदू. स्क्रूही नीट फिरतो. फिरवताना मी तुझ्या "हळू, दादा"ची वाट पाहत होतो, एवढंच.

आयला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तो नली धाडतो, त ती नली मना आय म्हनल का रं?" तिचा प्रश्न तुझ्यापर्यंत पोचवायला हे पत्र लिहितो आहे. या खेपेसही धूमकेतू महाशिवरात्रीनंतर पहाटे पूर्वेलाच दिसणार आहे. कुणाच्या हाती काही पाठवू नकोस. दुर्बीण नको. रिकाम्या हाताने ये आणि तारा धर.

पाटाच्या खालच्या बाजूला बसलेला,
तुझाच दादा