कठड्यावरचे अकरा दगड

प्रभू येशूला साक्षी ठेवून मी, व्हरोना मिल्ड्रेड स्कीट, वय एकाहत्तर, कै. डार्नली स्कीट यांची विधवा, व्यवसाय घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार सेंट लुसी परगणा, बार्बेडोस, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्याच हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. काळीज ठिकाणावर नाही, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही असं आमच्या चर्चच्या मोझली साहेबांनी सांगितलं. मंगळवारी ब्रिजटाउनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप काढून दुसरी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काही घाबरू नका, आजी." म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. हे लिहिण्याची जबरदस्ती मला कोणाही माणसाने केलेली नाही. अक्षर हललेलं दिसेल, ते भीतीने. दारूने नव्हे. या घरात मी दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही.

कलम १. माझ्या पश्चात व्यवस्था पाहण्यासाठी मी आमच्या मेथडिस्ट चर्चचे उपदेशक श्री. फिट्झजेरल्ड मोझली यांना नेमते. चर्चमधल्या बायकांच्या भिशीत पुढची पाळी माझी आहे. ते पैसे अंत्यविधीला वापरावेत. फुलं विकत आणू नयेत, ऑटोलीनच्या अंगणातली चालतील. शवपेटी साध्या लाकडाची. मात्र तिच्या कड्या मजबूत हव्यात, तिथे काटकसर नको. कारण शेवटच्या कलमात आहे.

कलम २. घर. थोरला मुलगा कार्लाइल, जो लंडनमध्ये बस चालवून परत आला, आणि धाकटा रॉल, जो इथेच मासेमारी करतो, या दोघांना हे घर अविभक्त मिळावं. आमचं लाकडी घर दगडी ठोकळ्यांवर टेकवलेलं आहे, खिळे काढले की उचलून नेता येतं. म्हणून स्पष्ट लिहिते, की एकाने दुसऱ्याची सही घेतल्याशिवाय त्यातला खिळासुद्धा काढू नये.

हे उगीच लिहिलेलं नाही. दोघं एका छपराखाली राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं ते माझ्यामार्फत.

रॉल म्हणतो, "आई, त्याला सांग, मागची पडवी माझी. मी ती ट्रकवर टाकून समुद्राकडे नेणार."

कार्लाइल म्हणतो, "आई, त्याला सांग, खुशाल ने. दाराची चौकट पण ने, कोयता हाणायला काहीतरी लागेलच."

समोरासमोर बसून, मधे माशाची परात ठेवून, हे असं. मी मधे उकडलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, वाढत असते. व्हरांडा कोणी बंद करू नये, त्यात फळ्या ठोकून वाटे करू नयेत. दोघांनाही आत यायची वाट तीच राहावी.

कलम ३. नवऱ्याचे दगड. परक्याला ते समुद्रावरचे पांढरे गोटे वाटतील. नाताळला हॅम आणि केक उरकला की दुसऱ्या दिवशी जेवणाआधी डार्नली ते व्हरांड्याच्या कठड्यावर ओळीने मांडायचे, वेस्ट इंडीजचा आजवरचा सर्वांत थोर संघ. प्रत्येक दगड एक खेळाडू. सोबर्सचा वाटोळा, मार्शलचा लहान पण जड, गार्नरचा सगळ्यांत लांब. एखादा खेळाडू कोणाला पटला नाही, तर त्याने तो दगड उचलून खिशात घालायचा, अंगणात उतरायचं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं कारण सांगायचं. पटलं तर त्याने सुचवलेल्या खेळाडूचा दगड तिथे लागायचा. नाही पटलं तर मुकाट्याने जुना परत. भांडणं व्हायची, टोप्या फेकल्या जायच्या, एकदा डार्नलींनी माझ्या सख्ख्या भावाला जेवणावरून उठवलं. पण दगड परत यायचा.

गेल्या नाताळात डार्नली नव्हते. दगड रॉलने मांडले. कार्लाइलने गार्नरचा उचलला आणि अंगणात गेला.

"चार-चार वेगवान गोलंदाज घेऊन बसलायत! पाचव्या दिवशी खेळपट्टी फुटली की चेंडू वळवायला कोण, तुमची मावशी? गिब्सला घ्या."

"गयानाचा माणूस?" रॉल कोयत्याने नारळ फोडत होता, तो थांबला. "बाबांच्या कठड्यावरून बार्बेडोसचा माणूस काढून गयानाचा घालतोस?"

"अरे, संघ वेस्ट इंडीजचा आहे, सेंट लुसीचा नाही."

"संघ बाबांचा आहे."

"बाबा असते तर त्यांनाही पटलं असतं."

"बाबा होते तेव्हा तू कुठे होतास रे, लंडनवाल्या? खांदा द्यायला कोण होतं? तुझा गिब्स?"

कार्लाइल दगड खिशात ठेवूनच पायऱ्या चढून वर आला. मी म्हणाले, "आधी जेवा दोघं." त्यानंतर मला फक्त आवाज आठवतो. कोयता दाराच्या चौकटीत रुतला होता, कार्लाइलच्या कानापासून वीतभर. रॉल म्हणतो, चौकटीवरच मारला. असेल. मी त्याला जन्म दिला, तरी मला खात्रीने सांगता येत नाही.

गार्नरचा दगड तेव्हापासून कार्लाइलच्या खिशात आहे. पॅन्ट धुताना मी तो काढून ठेवते आणि वाळली की परत घालते. तो मला कधी काही विचारत नाही. उरलेले दहा बिस्किटांच्या डब्यात आहेत. त्यांतले पाच कार्लाइलला, पाच रॉलला. अर्ध्या संघाने सामना होत नाही, हे दोघांना मी सांगायला नको. अकरावा माझ्या ताब्यात नाही, म्हणून मला तो देता येत नाही.

कलम ४. कोयता. रॉलचा कोयता मी लपवला आहे. कुठे ते मोझली साहेबांना माहीत आहे. त्यांनी तो होडीतून खोल पाण्यात टाकावा. तो कोणाच्याही वाट्याला जाऊ नये.

परवा कार्लाइलची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोयता. माझ्या थोरल्याने आयुष्यात ना ऊस तोडला ना नारळ. मी गादी होती तशी ठेवली आणि चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थना सुचेना. प्रभूची प्रार्थना, जी झोपेतही म्हणते, तीसुद्धा अर्ध्यावर विसरले.

कार्लाइल, हे वाचलं जाईल तेव्हा तुझा भाऊ समोर बसलेला असेल. तू तो मारायला आणला नाहीस. त्याची भीती वाटते म्हणून आणलास. हे त्याला तोंडाने सांग. रॉल, तू खोलीला आतून कडी लावून झोपतोस, ती मला ऐकू येते. तूही सांग. मी जिवंतपणी हे बोलले नाही, कारण कुठला शब्द कोणाला लागेल या धाकाने माझी जीभ उचलत नव्हती.

कलम ५. माझा पत्र्याचा ट्रे आणि लिंबू सरबताचे पेले शेजारीण ऑटोलीन यरवुड हिला. त्या दगडांच्या दिवशी मी सरबत घेऊन आले की डार्नली ओरडायचे, "उठा रे, बारावा खेळाडू आला!" सगळे हसायचे. मीही हसायचे. अकरांत कोण असावा हे मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला यष्टिरक्षकाशिवाय कोणाचं काही वाटत नसे. चर्चची हॅटही ऑटोलीनलाच. तिच्या डोक्याला ती घट्ट होईल, पण हॅटवर तिचा डोळा आहे हे मी जाणते.

कलम ६. माझी शवपेटी. डार्नलींच्या वेळी पुढच्या डाव्या कडीला थोरला मुलगा हवा होता. त्याला तिकीट मिळालं नाही. फोनवर तो कसा रडला ते मी ऐकलं, रॉलने ऐकलं नाही. ती कडी कोणा परक्याने धरली. फाटकाशी उतारावर रॉलची आणि त्या परक्याची पावलं चुकली, पेटी कलली, आणि आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तो आवाज माझ्या कानांतून गेलेला नाही. मरणाची भीती वाटते, प्रभू क्षमा करो. पण तशी सरकण्याची त्याहून जास्त वाटते.

म्हणून पुढे डावीकडे कार्लाइल, उजवीकडे रॉल. उंची सारखीच आहे. दुसरं कोणी चालणार नाही. मुकाट्याने चालून पावलं जुळत नाहीत. लहानपणी अंगणात खेळताना तुम्ही दोघं सारखे धावचीत व्हायचात, तेव्हा बाबा काय ओरडायचे ते आठवा. आवाज द्या रे! हो म्हणा, नको म्हणा, थांब म्हणा, पण मोठ्याने म्हणा! चर्चच्या दारापासून खड्ड्यापर्यंत तसाच एकमेकांना आवाज देत चला. "आई, त्याला सांग" म्हणू नका. आई पेटीत असेल.

वर लिहिलेलं मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असल्यास ते रद्द.

सही: व्हरोना मिल्ड्रेड स्कीट

साक्षीदार: फिट्झजेरल्ड मोझली, उपदेशक
साक्षीदार: ऑटोलीन यरवुड, शेजारीण

ठिकाण: सेंट लुसी, बार्बेडोस
तारीख: ८ मार्च १९९७