राखणदार आत हाय

चारा छावणी, तळ्याखालचा माळ
दि. १६ एप्रिल २०१३, मंगळवार

चि. बद्रीनाथ यास,

थोरल्या अक्काचा आशीर्वाद. धाकट्याला तो लिहायचाच असतो म्हणून लिहिला, पोटातून आलेला न्हाई. फोन तू उचलीत न्हाईस, केजला लेकाकडं जाऊन दडलास. म्हणून पत्र रजिस्टर करते. पोस्टमन सही घेतल्याबिगर देणार न्हाई, ही युक्ती माझी नात मुक्ताची. पान बी तिच्याच वहीचं हाय.

मी खुशाल हाय. लई खुशाल, गालातल्या गालात हसत असते. सून म्हणते, आत्या, ऊन लागलं का तुमाला. कपिली व्यायली, गोऱ्हा झालाय, कपाळावर पांढरा ठिपका. टँकर दिसाआड येतो. बायनाबाई पहिल्या घागरीसाठी अजून भांडते. आदी तुझं नाव धाकात घालायला घ्यायची, आता शिवी म्हणून घेते.

म्हाळू सुटला. तुला कळलंच असंल. सांगणाऱ्यानं घाबरत सांगितलं असंल, मी मजेनं सांगते.

पेंडीची सात पोती गेली, छावणी चालवणारा तू, तू म्हणलास म्हाळूनं नेली, पोलिसांनी एक शब्द न विचारता त्याला उचललं. छावणीचा राखणदार, पण पारधी. कुठं काय हरवलं की पारध्याचं पाल उचकायचं, ही त्यांची जुनी रीत. पाण्याच्या रांगेत आमी बायाबी तसंच बोललो. त्याची बायको सारजा तीन दिवस चौकीपुढं एकटी बसली, आमच्यातलं कुणी फिरकलं न्हाई. मीबी न्हाई.

चौथ्या दिवशी ती छावणीत आली. माझ्या बाजेपुढं उभी राहिली अन् म्हणाली, "आजी, पंचनाम्यावर तुमची सही हाय. लई सुबक काढलीया. माझ्या माणसाच्या तळपायावर उमटलीया."

बद्री, मी त्याच पावली उठले.

मी सगळ्या बायांना गोळा केलं अन् तिचं बोलणं सांगितलं. सारजाच म्हणाली, रिकाम्या हातानं गेलो तर हाकलतील, जनावरं घेऊन चला. सकाळी आमी एक्केचाळीस बाया, सत्तर जनावरं, चौकीत. कुंपणाला दावी बांधली. जमादार बाहेर आला, "ए म्हातारे, हाकल ही ढोरं."

मी म्हणले, "साहेब, आमचा राखणदार आत हाय. राखणदार जिथं, तिथं जनावरं. एक तर तुमी राखा, न्हाई तर त्याला सोडा."

त्यानं काठी उगारली. सारजा पुढं झाली, तिच्या मागं बायनाबाई, तिच्या मागं तिची म्हैस. त्या म्हशीनं जीपला अंग घासलं अन् आरसा पाडला. मी एवढी हसले की जमादाराचं तोंड बघायचंच राहून गेलं. दोन दिवस शेण, मूत, हंबरणं. त्यांनी लाइट बंद केली, पाण्याचा नळ बंद केला, बायांना नको ते बोलले. एक बाई उठली न्हाई. मग बीडहून मोठा साहेब आला. जमादाराची चौकशी लागली.

म्हाळूला दोघींनी धरून आणलं. पाय टेकवीना. मला बघून म्हणाला, "आजी, कपिली व्यायली का?"

साहेबाला मी सांगितलं, सही माझीच, पण कागद वाचला न्हाई. तू म्हणलास, "अक्का, छावणीचा कागद हाय, तुझी सही झकास येते, कर." उभा जन्म अंगठा लावला. मुक्तानं अक्षरं अन् सही शिकवल्यापासून कुणी मागितली की मला हुरूप यायचा. तो हुरूप तुला ठाऊक होता.

साहेबानं पाठ थोपटली. भोळी म्हातारी, म्हणाला.

भोळी कशाची. त्या दुपारी मी बाजेवर जागी होते. तुझा ट्रॅक्टर आला, पोती भरली, म्हाळू आडवा झाला. तू म्हणलास, "बाजूला हो बे, पारध्याची जात मला अडवती?" मी कूस बदलली. तो आडवा आला म्हणून त्याचं नाव घेतलंस तू, अन् तू भाऊ म्हणून मी गप. कागद वाचला असता तरी मी सही केली असती का, हे विचारते मी स्वतःला.

साहेबाला ट्रॅक्टरचं सांगितलं न्हाई. सारजाला काल सांगितलं. ती उठून गेली. आज सकाळी आली, म्हणाली, "कोर्टात सांगा."

गुन्हा अजून म्हाळूच्या नावावर हाय. पुढल्या गुरुवारी केजच्या कोर्टात तारीख. एक्केचाळीस जणी एसटीनं येणार. त्या कागदावर दुसरा पंच तू. माझ्याआदी उठून खरं बोललास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. न्हाई तर समोर. भाऊबीजेचं ताट तिथंच ठरंल.

मुक्ताला हे पत्र दाखवलं न्हाई. अक्षरं चुकली असतील, चुकू दे. तीनदा वाचलं, मग सही केली.

तुझी अक्का,
केसरबाई भ्र. धोंडीराम
(पंच क्र. १)