नव्या विमानाची जुंपणी

आबा, तुमच्या पणतीची नव्या विमानावर निवड झाली. सकाळी फोन आला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच नाचली, आणि तव्यावरची भाकरी जळून कोळसा. आता हवाईदलातली ही रजेवर आलेली साहेबीण मी सांगेन ते लिहायला बसलीय. मला शाळेत घातलं असतंत तर तिचे कष्ट वाचले असते.

तुम्ही पलटणीत बिनतारी यंत्रावर खाली बसून ऐकायचात, ही वर बसून बोलते. जमिनीवरचं सगळं बंद पडलं तरी फौजेला हुकूम आभाळातनं पोचवायचा, हे तिच्या विमानाचं काम. पुढं विचारलं की 'ते सांगायचं नसतं' म्हणते. पण जुनं विमान थकलंय, एवढं कळलं. त्याचे भाग आता कुणी बनवत नाही, एकाचं काढून दुसऱ्याला लावतात.

मी म्हटलं, "मग म्हाताऱ्याला उद्यापासनं सोडणार व्हय?"

"न्हाई गं आज्जी. थोडे महिने दोन्ही संगंच उडणार. त्योच निरोप दोघांवरनं जाणार. नव्याचं चुकलं तर जुनं हाय की."

मला लय हसू आलं. आबा, आठवतंय? औंधाखालच्या आपल्या रानात तुम्ही नवा खोंड आणलाय. मी एवढीशी, तरणाताठा खोंड बघून जुन्या बैलाला जुवातनं सोडवायला धावते, आणि तुम्ही ओरडता, "आगं ए शहाणे, म्हाताऱ्याला सोडलंस तर ह्याला सरळ चालायला कोण शिकवणार? तू?" मग मी रुसले म्हणून कासरा माझ्याच हातात दिलात. दिवसभर मी दोघांच्या मागनं मालकिणीसारखी चालले.

पोर म्हणते, "आमच्या साहेबास्नी सांगते, ह्ये पणजोबांनी आदीच केलं हुतं."

"सांग की. आन् नव्या विमानाला लिंबू-मिरची बांध."

"आज्जी, त्याला बांधायला जागा न्हाई."

"एवढं मोठं विमान, आन् लिंबाएवढी जागा न्हाई?"

सांगलीला तिच्या आईला फोन लावला, तर ती रडायलाच लागली. मी दटावलं, आनंदाच्या दिवशी रडतीस काय म्हणून. दटावणं सोपं असतं, आबा. औंधाच्या यमाईपुढं मी दोन नवस बोललेय. एक, हिची निवड होऊ दे. दुसरा, होऊ देऊ नको.

बघतीस काय गं, लिही. आबा जाऊन किती वर्षं झाली, ह्ये पत्र कुठं टाकायचंय थोडंच! पहिला फळला, पेढे घेऊन औंधाला जाऊ. दुसरा मी अजून मागं घेतलेला न्हाई.