ढब्बूची नखं

१४ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. मी ठीक. आज एका मांजरानं हात असा ओरबाडलाय की अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे.

बाबा गेल्यावर तू त्यांच्या ढब्बू कुत्र्याला माझ्याकडे पाठवलंस, त्याची हकिगत सांगायची राहिली. स्वारी नीट जेवते, झोपते. पण कुणी खोकलं की अंगात आल्यासारखी उठते. टॉवेल ओढून आणायचा, खोकणाऱ्याच्या मांडीवर टाकायचा आणि त्याच्या पाठीला टेकून बसायचं. परवा माझ्या जनावरांच्या दवाखान्यात एक आजोबा पोपट घेऊन आले आणि खोकले. ढब्बूनं टेबलावरचा टॉवेल खेचला, वरच्या कात्र्या खळकन खाली! सगळे हसले, मीही हसले. नंतर त्याचे कान, दात, रक्त, सगळं तपासलं. काही सापडेना. म्हटलं, म्हातारचळ असेल.

काल त्याची नखं कापायला बसले. दादा, रोज फिरणाऱ्या कुत्र्याची नखं रस्त्यावर घासून जातात. याची वळून पंजात रुतायला आली होती. आणि मी फोन केला की तू काय सांगायचास? बाबा ढब्बूला घेऊन फिरायला गेलेत. नाहीतर झोपलेत. हल्ली त्यांना फोनवर ऐकू येत नाही. येऊन जाते म्हटलं, तर घराचं काम काढलंय, नंतर ये. शेवटी बाबा झोपेत अचानक गेले म्हणालास, तेही मी मुकाट्यानं खरं मानलं.

कात्री तशीच टाकून वहिनीला फोन लावला. आधी टाळाटाळ केली, मग रडायलाच लागली. बाबा हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळले होते म्हणे. सारखे खोकायचे. टॉवेल द्यायला जवळ कुणी नसायचं, म्हणून त्यांनीच ढब्बूला शिकवलं.

आजारपण लपवलंस, तेही मी पोटात घातलं असतं. पण बाबा रोज माझी वाट बघत होते, आणि तू त्यांना सांगत होतास, "तिला कळवलंय. तिला वेळ नाही म्हणते."

हे तुझ्या तोंडून निघालं तरी कसं? मी आले असते तर त्यांना इकडे घेऊन आले असते, हे तुला पक्कं ठाऊक होतं. थोरला असताना बाप लेकीकडे गेला, असं चारचौघे म्हणाले असते, एवढीच ना भीती? तुझं नाक वर राहिलं. बाबा मात्र लेक आली नाही असं समजून गेले. आता त्यांना खरं सांगायला मी कुठे जाऊ, तूच सांग.

वहिनीला बोल लावू नकोस. ढब्बू इथेच राहील. फोन करू नकोस. तुझं कुठलं बोलणं खरं धरायचं, ते मला आता कळत नाही.

तुझी नव्हे, बाबांची,
छोटी