शैलजाचा हिरवा

रविवार, संध्याकाळ. भोर.

आज आमचा रविवारचा ग्रुप उत्रोलीच्या भातखाचरांत रंगवायला बसला होता. शैलजा येऊन वर्षही झालं नाही, पण सगळे तिच्याच कॅनव्हासमागे उभे. काय तो हिरवा! माझा भात दरवेळी पालकाच्या भाजीसारखा होतो. शेताच्या मालकीणबाई तिला म्हणाल्या, "लई भारी वो. भातात वारं सुटल्यागत वाटतंय." मग माझ्या चित्राकडे बघून मला म्हणाल्या, "तुमी च्या घेतला न्हाई व्हय?"

निघताना नेहमीसारखे ओले कॅनव्हास समोरासमोर ठेवून, रंग एकमेकांना लागू नये म्हणून कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून जोड्या बांधल्या. तिचा नेमका माझ्याशी. "ताई, तुम्हीच बांधा, तुमचा हात चांगला आहे." हात चांगला! सुतळी मीच आवळली. जरा जास्तच आवळली का?

भोरला येऊन सुतळी सोडली तर एक बूच निसटलेलं, आणि तिचा हिरवा माझ्या खाचरावर उमटलेला. "असू दे ताई, मी परत लावते," ती म्हणाली. तेही हसून. तिला काय, परत जमेलच.

घरी सुरीनं तो खरवडायला बसले. पण माझ्या अख्ख्या चित्रात वारं सुटलंय ते तेवढ्याच बोटभर हिरव्यात.

सुरी ठेवली. खाली माझी सही केली.