पाच विजेते, चार जागा

लेटरकेनी, आयर्लंड,
ऑगस्टचा शेवटचा रविवार

प्रिय अभिजित,

'प्रिय' हा शब्द सवयीने पडला. खोडला तर पान घाण दिसेल, म्हणून राहू दे. हाताने लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मजकूर पुरता वाचण्याआधीच अंगठा देतोस, आणि या वेळी मला तुझा अंगठा नको आहे. बसून वाच.

आधी इकडची खुशाली. उन्हाळा म्हणायचा तो होऊन गेला, म्हणजे थोडे दिवस कोट न घालता हॉस्पिटलला जाता आलं. भूल द्यायचं काम तेच, ड्यूट्या त्याच. मिरजेहून आई येऊन राहून गेली. तिला इथला वारा सोसला नाही, पण शेजारच्या बाईंशी तिने मराठीतून मैत्री केली आणि त्या बाईंनी इंग्रजीतून. रेवाचा लीव्हिंग सर्टचा, म्हणजे आपल्या बारावीचा, निकाल लागला. उत्तम लागला. ते तुला माहीतच आहे, कारण तिने तुला कळवलं आणि तू 'प्राउड ऑफ यू' असं लिहून त्याखाली लगेच शनिवारच्या मॅचचा स्कोअर पाठवलास. ते वाचून ती हसली. मला ते हसू आवडलं नाही.

जर्मनीतल्या तुझ्या त्या ब्रुकहाइड गावात आपण राहायला आलो, तेव्हा मला वाटलं होतं की फुटबॉल तू कोल्हापुरात ठेवून आलास. तुमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की आधी त्याच्या पायाशी बॉल ठेवतात हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. मामंजी तालमीच्या संघातून खेळलेले, त्यांची गुडघ्याची कथा मी जेवताना कितीदा तरी ऐकली. पण जर्मनीत पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तू मला त्या गावच्या मैदानावर घेऊन गेलास. एका बाजूला छप्पर, तीन बाजूंना गवताचा उतार, आणि सॉसेजच्या धुरात उभे असलेले हजारभर लोक. मी विचारलं, ही बुंडेसलीगा का? तू आणि तुझ्या शेजारचा म्हातारा दोघंही हसलात. मग मध्यंतरात तू मला रेगिओनाललीगा नोर्डचा, म्हणजे उत्तरेच्या प्रादेशिक लीगचा, इतिहास सांगितलास. बुंडेसलीगा १९६३ मध्ये सुरू झाली तेव्हा रेगिओनाललीगा तिच्या बरोबर खाली, दुसऱ्या पायरीवर होती. १९७४ ला ती मोडीत काढली. वीस वर्षांनी परत आणली ती तिसऱ्या पायरीवर. आणि २००८ मध्ये तिच्या डोक्यावर आणखी एक लीग आणून बसवली, त्यामुळे ती चौथी झाली. नाव तेच, जागा मात्र खाली खाली. तुझ्या घरातला माझा इतिहास साधारण याच चालीवर गेला, पण त्या दिवशी मी पोळीच्या डब्यातला उरलेला पराठा खात तुझ्याकडे कौतुकाने बघत होते.

रेवा तीन वर्षांची झाली तरी माझं जर्मन दवाखान्यात चालण्याइतकं होईना, आणि भूलतज्ज्ञ बाई घरी बसून गाजराचा हलवा करत होती. इथल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा तूच म्हणालास, तू पुढे हो, हा सीझन संपला की मी येतो. आयर्लंडमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांना काय कमी आहे, डब्लिनमध्ये नाही तर डंडॉकमध्ये, कुठेही मिळेल. मी लेकीला कडेवर घेऊन आले. गाडी चालवायला शिकले, कारण इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. तू तो सीझन संपवलास. क्लब त्या वर्षी खाली जाता जाता वाचला, म्हणून तू आणखी एक सीझन थांबलास. नंतर तू सीझनचं नाव घेणंही सोडलंस आणि वकिलाचं नाव घेतलंस. ते सगळं आपण सभ्यपणे केलं. इतकं सभ्यपणे की मला भांडायचं राहून गेलं.

ठरलं होतं ते रविवारच्या फोनचं. ते फोन तुला आठवतात तसे मला आठवत नाहीत. तू विचारायचास अभ्यास कसा चाललाय, ती म्हणायची गुड. जेवलीस का, ती म्हणायची येस. मग तुझ्याकडून नुसता वाऱ्याचा आवाज. तू कायम बाहेरूनच फोन करायचास. आम्हाला वाटायचं, बरं आहे, चालायची सवय लागली. एका रविवारी तिने काहीतरी विचारायचं म्हणून काल कोण जिंकलं ते विचारलं, आणि तू अर्धा-पाऊण तास बोललास. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. म्हणाली, "मम्मी, ही टॉक्ड टु मी."

त्यानंतर पोरीने अभ्यास केला. इथली बाकीची मुलं गॅलिक फुटबॉलच्या मागे, आणि ही फ्लेन्सबुर्ग, एमडेन, ल्युबेक अशी तुमच्या लीगमधल्या संघांची नावं घोकत बसायची. आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा जो प्रेस आहे, म्हणजे कपाट, मलाही आता कपाट शब्द पटकन सुचत नाही, त्याच्या दारावर तिने मार्करने तुमच्या सगळ्या लीगा काढल्या होत्या. वरच्या तीन अख्ख्या देशाला मिळून एकेक. चौथीचे पाच तुकडे: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बवेरिया. तिने मला शिकवलं की विजेते पाच आणि वर जायला जागा चार. पश्चिम आणि नैर्ऋत्यवाले थेट जातात. उरलेल्या तिघांपैकी एकाची दर वर्षी पाळी असते, तो थेट जातो, आणि राहिलेले दोन विजेते आपसात दोन सामने खेळतात. म्हणजे वर्षभर खेळून, पहिला येऊनही एक जण तिथल्या तिथे राहतो. मी म्हटलं, हे असलं कुणी ठरवलं? ती बारा-तेरा वर्षांची असेल. मान वर न करता म्हणाली, "ग्रोन-अप्स."

शाळेत परदेशी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी फ्रेंच घेतली. हिने जर्मन घेतली. मला ताकीद होती की बाबाला सांगायचं नाही. तिला तुला चकित करायचं होतं. मी सांगितलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस की तुझी मुलगी शाळेत काय शिकते.

मग दोन वर्षांपूर्वी तुमचा क्लब पहिला आला आणि त्या वर्षी थेट वर जायची पाळी नेमकी दुसऱ्या विभागाची निघाली. पहिला सामना समोरच्या संघाच्या गावी, दुसरा ब्रुकहाइडला. तिने तुझ्याकडे हट्ट केला. तू आधी गर्दीचं कारण दिलंस, मग तिकिटांचं, मग अचानक हो म्हणालास. मी तिला डब्लिनला विमानात बसवलं. गाडीत पूर्ण रस्ताभर ती एकच जर्मन वाक्य घोकत होती. मला त्यातलं 'पापा' तेवढं कळलं. माझं जर्मन गाजराच्या हलव्यातच संपलं.

परत आली तेव्हा तिने मला मॅच सांगितली. जादा वेळ, शेवटच्या मिनिटांतला गोल, मैदानावर बसून रडणारा कप्तान. छपराखालचे सगळे लोक हरल्यावरही उभे राहून गात होते, ते सांगताना तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, बापावर गेली आहे. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "इट्स ग्रँड, मम्मी." इथे हे उत्तर कशालाही चालतं, पाय मोडला तरी.

पुढची दोन वर्षं तिने एकही रविवार चुकवला नाही. तू मला लिहिलंस की रेवा किती समजूतदार झाली आहे, कधी तक्रार करत नाही, तू तिला छान वाढवलंस. अभिजित, ती तुझ्याशी फक्त लीगबद्दल बोलत होती. तू कसा आहेस हे तिने त्या दिवसानंतर एकदाही विचारलं नाही, आणि तुझ्या ते लक्षात आलं नाही. घरात तिने तुला बाबा म्हणणं बंद केलं. 'युअर मॅन' म्हणायला लागली. "युअर मॅन सेज द गोली इज इंजर्ड." इथल्या बोलीत युअर मॅन म्हणजे तो अमुक इसम, माझ्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला 'तुझा नवरा' असंच ऐकू आलं.

या मार्चमध्ये डब्लिनहून परत येताना मी गाडीतच विचारलं. गाडीत बरं असतं, एकमेकींकडे बघावं लागत नाही. तिने सांगितलं तेही जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. क्लबहाउसमध्ये तू तिला खांद्याला धरून आत नेलंस. ती वाक्य जुळवत होती. समोर कातरीन आली, जिच्यासोबत तू आता राहतोस ती, आणि तू कातरीनला जर्मनमध्ये सांगितलंस की ही माझ्या ओळखीतल्या एका बाईंची मुलगी, आयर्लंडहून मॅच बघायला आली आहे. कातरीन म्हणाली, किती गोड. मग ती तुला म्हणाली की तुला मुलांचं इतकं वेड आहे, आपल्याला एखादं असायला हवं होतं. आणि तू म्हणालास, हो ना.

तुला वाटलं, पोरीला काय कळतंय.

तिने घोकलेलं ते वाक्य गिळलं. अख्खा दिवस ती कातरीनशी इंग्रजीत बोलली. तू तिला सॉसेज आणून दिलंस, क्लबचा मफलर घेऊन दिलास, तिच्यासोबत फोटो काढलास आणि तो मला पाठवलास. मी तो आईलाही पाठवला होता. मी रेवाला म्हटलं, अगं, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बिकॉज यू'ड हॅव स्टॉप्ड द कॉल्स." लिफर्डचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, तिला ती लीग खरोखर आवडते. सुरुवात तुझ्यासाठी केली होती, पण आता ती तिची झाली आहे, आणि तुझ्यामुळे ती सोडायची तिची तयारी नाही. तेव्हा मला कळलं की तू रविवारचा बाहेरून का फोन करायचास. इतक्या वर्षांत तुझ्या घरात तिचं नाव कुणी उच्चारलेलं नाही, आणि आम्ही इकडे तुझ्या चालण्याच्या सवयीचं कौतुक करत होतो.

मी त्या दिवशी तुला फोन करणार होते. तिने करू दिला नाही. परीक्षा होईपर्यंत मी तोंड मिटून बसले. तुझ्यावर ओरडण्याची वाक्यं मी ऑपरेशन थिएटरमध्ये, पेशंट झोपल्यावर, मनात कितीदा तरी म्हटली. आता कागद समोर आहे तर ती मला नकोशी वाटतात. तू मला सोडलंस ते मी केव्हाच पचवलं. माणसं सोडतात. पण तू तिला नाकारलंस, तेही तिच्यासमोर, तिला कळणाऱ्या भाषेत.

हे लिहिण्याचं कारण आता सांगते. रेवाला जर्मनीत प्रवेश मिळाला आहे. गणिताला. विद्यापीठ ब्रुकहाइडपासून ट्रेनने फार लांब नाही, आणि ते तिने उगाच निवडलेलं नाही. ऑक्टोबरपासून ती तिथे असेल. तिने क्लबला स्वतः पत्र लिहून विचारलं, आणि त्यांनी तिला मुलींच्या संघांसाठी मदतनीस म्हणून घेतलं आहे. ते पत्र तिने जर्मनमध्ये लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली, रेवा अभिजित सरनोबत. त्या गावात सरनोबत किती आहेत ते तुला ठाऊक आहे. कुणीतरी तिला विचारेल, आणि ती खोटं बोलणार नाही. स्वतःहून जाऊन सांगणारही नाही, तेवढा अभिमान तिच्यात आहे. तुला काही कळवायचं नाही असं तिने मला बजावलं आहे, आणि मी आज पहिल्यांदा तिचा शब्द मोडते आहे, कारण तुझ्या खोटेपणाचा भार त्या क्लबहाउसमध्ये माझ्या पोरीने पुन्हा पेलावा हे मला मान्य नाही. कातरीनला ऑक्टोबरच्या आधी सांग. ती बाई चांगली असावी असं रेवाच म्हणते. त्या गावाने माझा नवरा ठेवून घेतला, आता मुलगीही तिकडेच चालली आहे. तिला विमानतळावर सोडून मला एकटीला या घरात परत यायचं आहे, ते मी करीन. ती तुझ्यासाठी येते आहे असं समजून तिच्याकडे धावत जाऊ नकोस. ती हाक मारेपर्यंत लांब उभा राहा. नाही मारली, तर लांबच राहा. मारली, तर मात्र कुणाही समोर, मोठ्याने ओ दे.

कधीकाळची तुझीच,
वृंदा